चिंचेवरचा झोळीवाला

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात, शिमशा नदीपासून जवळच, कोक्करे बेळ्ळूर नावाचे एक खेडे आहे. ‘कोक्करे’ हा कन्नड शब्द बगळे, करकोचे अशा लांब पायांच्या पक्ष्यांसाठी योजिला जातो. डिसेंबरच्या सुमारास या गावातील चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांबरोबरच मोठे, करड्या रंगाचे पक्षी उतरू लागतात आणि जूनपर्यंत तेथेच आपला संसार मांडतात. हा पक्षी म्हणजे ठिपकेदार चोचीचा पेलिकन होय. चोचीखालच्या पिशवीवरून मराठीत पेलिकनला ‘झोळीवाला’ असे अन्वर्थक नाव मिळाले आहे.

झोळी म्हटले की तीत हा पक्षी शिधा साठवून ठेवीत असेल, असे कोणासही वाटावे. परंतु तसे नाही. ही झोळी म्हणजे कोळ्याची पागोळी आहे. खालच्या जबड्याची हाडे लवचीक असून, चोच पाण्यात घालताच ती दोहों बाजूंस वाकतात आणि पिशवीचे तोंड रुंद होते. पाण्यासह मासा आत येतो. मग पक्षी चोच छातीशी टेकवून पाणी बाहेर सोडतो आणि मान वर करून मासा गिळून टाकतो. चोच छातीशी टेकविण्याची ही लकब पाहूनच, पेलिकन आपली छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी दंतकथा मध्ययुगीन युरोपात रूढ झाली असावी.

त्याचे वजन 4 ते 6 किलोग्रॅम आणि पंखांचा विस्तार 2 मीटरांहून अधिक असतो. एवढा देह असूनही त्याची हाडे पोकळ असतात व त्वचेखाली हवेच्या लहान लहान पिशव्या असतात. त्यामुळे तो पाण्यावर बुचासारखा तरंगतो. मात्र पाण्याखाली बुडी मारणे त्याला साधत नाही. अमेरिकेतील तपकिरी पेलिकन आकाशातून पाण्यात सूर मारतो, तर आपल्याकडे हिवाळ्यात येणारा गुलाबी पेलिकन अर्धवर्तुळ करून माशांना उथळ पाण्याकडे हाकलतो. आपला करडा झोळीवाला बहुधा एकटा किंवा लहान टोळीने शिकार करतो. ऊन चढल्यावर वर जाणाऱ्या उष्ण हवेच्या झोतावर तो पंख न हलविता घिरट्या घालतो. हे दृश्य एकदा पाहिलेल्या माणसास जमिनीवरील त्याच्या डुलत्या चालीचे हसू येत नाही.

नर काटक्या आणतो, मादी घरटे रचते. तीनचार पांढरी अंडी महिनाभर उबविल्यावर उघडी-नागडी पिले बाहेर येतात. पुढे ती आईबापांच्या घशात डोके खुपसून अर्धवट पचलेले मासे खातात. पिलू स्वतंत्र होईपर्यंत तीन ते पाच महिने जातात. एवढा दीर्घ काळ निर्धास्तपणे राहता येईल असे झाड, आणि उडत जाऊन येता येईल अशा अंतरावर मासळीने भरलेले तळे, या दोहोंची त्याला गरज असते.

यांपैकी काहीही हरवले की वसाहत उठते. ब्रह्मदेशातील सितांग नदीच्या खोऱ्यात ओट्स या पक्षिशास्त्रज्ञाने 1877 साली पाहिलेली अवाढव्य वसाहत पुढे नष्ट झाली. आंध्रातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात के. के. नीलकंठन यांना 1946 साली एक वसाहत आढळली होती. 1970 नंतरच्या काही वर्षांत तीही ओस पडली.

बेळ्ळूर मात्र टिकले, आणि तेही फुकट नव्हे. चिंच पिकते ती नेमकी घरटी भरलेली असतानाच. झाडावर चढून फांद्या झोडपल्या तर अंडी-पिले खाली येतील, म्हणून घरटी असलेल्या झाडांचे उत्पन्न मालक सोडून देतात. वनखाते त्याबद्दल काही रक्कम देते. पण ती बाजारभावाच्या मानाने अपुरी पडते, अशी गावकऱ्यांची तक्रार आहे, आणि ती रास्त वाटते. उलट बाजूस, झाडाखाली पडणारी विष्ठा गोळा करून शेतात घातली जाते. तिचे खत उत्तम होते. तिच्या दुर्गंधीचा हिशेब कोणी ठेवलेला नाही! पूर्वी प्लेगमुळे गावाने जागा बदलली, तेव्हा पक्षीही मागोमाग आले, असे तेथील वृद्ध सांगतात. 2007 साली हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले.

अर्थात गावाची माया सर्वच संकटांना पुरी पडत नाही. 2017 च्या डिसेंबरपासून पुढील काही महिन्यांत येथे अनेक झोळीवाले मरून पडले. शवचिकित्सेत त्यांच्या शरीरात कृमी आढळले. आणि झोळीवाल्याचे अन्न म्हणजे मासेच असल्याने संशय भोवतालच्या तळ्यांवर गेला. ही तळी गावाच्या कुंपणात येत नाहीत.

वाऱ्याने घरट्यातून खाली पडलेल्या पिलास आईबाप भरवीत नाहीत. अशा पिलांसाठी गावात एक जाळीचे कुंपण उभारलेले आहे. तेथे माणसेच त्यांना मासे घालतात, आणि पंखांत बळ आले की त्यांना सोडून देतात.