लॅपटॉपचा पुनरारंभ : किती दिवसांनी?

लॅपटॉप किती दिवसांनी रीस्टार्ट करावा, असा प्रश्न विद्यार्थी व सहकारी वारंवार विचारतात. प्रश्न तंत्राचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी शब्दार्थाचा एक घोटाळा आहे. तो प्रथम दूर करणे इष्ट होय.

‘मी लॅपटॉप रोज बंद करतो’ या वाक्यातील ‘बंद करणे’ या एका शब्दप्रयोगात निदान तीन भिन्न क्रिया सामावतात. झाकण मिटले की यंत्र सामान्यतः निद्रावस्थेत जाते. स्मृतीतील मजकूर जसाच्या तसा राहतो. ‘शट डाऊन’ने तो पुसला जातो, असा आपला समज असतो. परंतु २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बहुतेक लॅपटॉपवर मुळातच चालू असते. तिच्यामुळे शट डाऊन करताना आपले प्रोग्रॅम मिटतात, पण कार्यप्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. अशा यंत्रावर संपूर्ण नवा आरंभ होतो तो ‘रीस्टार्ट’नेच. रोज ‘बंद’ होणारा लॅपटॉप अशा रीतीने महिनाभर अखंड चालू असू शकतो.

नव्या आरंभाची गरज दोन कारणांनी पडते. पहिले असे की, सदोष प्रोग्रॅम स्मृतीतील जागा मागून घेतात व परत करीत नाहीत. प्रोग्रॅम मिटल्यास ती सुटते. पण पडद्याआड चालणाऱ्या सेवा व ड्रायव्हर आपण मिटवीत नाही. दुसरे, सुरक्षेच्या दुरुस्त्या: वापरात असलेली फाइल बदलता येत नाही, म्हणून ती पुनरारंभाची वाट पाहत थांबते.

आता ‘किती दिवसांनी?’ या प्रश्नाकडे वळू. उत्तरात आकडा नसल्यास काय होते, याचा एक दारुण दाखला आहे. आखाती युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेतील कालगणनेची सूक्ष्म चूक अखंड वापराने वाढत जाई. पुनरारंभाने ती शून्यावर येई. ‘फार वेळ’ यंत्रणा चालू ठेवल्यास लक्ष्य चुकू शकते, असा इशारा २१ फेब्रुवारी १९९१ रोजी पाठविण्यात आला. मात्र ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्यात सांगितले नव्हते. २५ फेब्रुवारीस धहरान येथे १०० तासांहून अधिक काळ चालू असलेल्या यंत्रणेस येणारे स्कड क्षेपणास्त्र हेरता आले नाही व २८ सैनिक मृत्युमुखी पडले. सुधारित प्रोग्रॅम तेथे दुसऱ्या दिवशी पोहोचला.

आपल्या लॅपटॉपवर प्राण अवलंबून नसतात. प्रबंध मात्र असतो. म्हणून आकडा सांगतो: आठवड्यातून एकदा. हा आकडा गणिताने सिद्ध झालेला नव्हे, तर ध्यानात राहण्याजोगा आहे. अद्ययावतीकरणाने मागणी केल्यास त्याच दिवशी, आणि महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणापूर्वी किंवा मौखिक परीक्षेपूर्वी आदल्या संध्याकाळी, मजकूर जतन करून रीस्टार्ट करावे. शंका असल्यास विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘अप टाइम’ पाहावा. आपण ‘बंद’ कशाला म्हणत होतो, ते तेथील आकड्यावरून कळून येईल.