सर्वांत कमी दर आणि तरीही बाद

इंग्रजीतला ‘बिड’ हा शब्द दोन उलट व्यवहारांना एकच नाव देतो. महापालिका मंडईतला गाळा लिलावात काढते तेव्हा सर्वांत जास्त रक्कम देणारा जिंकतो. तीच महापालिका रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचं काम काढते तेव्हा सर्वांत कमी दर भरणारा. मराठीने हे दोन व्यवहार कधीच वेगळे केले आहेत. लिलावात बोली लागते, कामासाठी निविदा भरतात. तरी बातम्यांत रस्त्याच्या कामालाही ‘सर्वांत कमी बोली’ छापून येते आणि नसलेला गोंधळ आपण ओढवून घेतो. या व्यवहारातले शब्द अवघड असल्यामुळे अडत नाही; ते ओळखीचे वाटतात म्हणून फसवतात.

ठाण्यातलं गायमुख ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाचं प्रकरण आठवा. दोन्ही मिळून सुमारे १४,००० कोटींचं हे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं (एमएमआरडीए) काम. तांत्रिक टप्प्यात बाद ठरलेली लार्सन अँड टुब्रो मे २०२५ मध्ये न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयात समोर आलं की तिचा दर पात्र ठरलेल्या कंपनीपेक्षा सुमारे ३,१०० कोटींनी कमी होता. न्यायालयाने प्रश्न उपस्थित केल्यावर महिनाअखेर एमएमआरडीएने निविदाच रद्द केल्या. स्वस्तात करणारा बाहेर कसा, हा लोकांचा प्रश्न रास्तच होता. पण ठेकेदार ज्याला ‘एल-वन’ म्हणतात तो सगळ्यांत स्वस्त नसतो, पात्र ठरलेल्यांत स्वस्त असतो. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात आणि त्यात टिकलेल्यांचाच आर्थिक लिफाफा फोडतात. इथे ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द येतो. त्याचं ‘प्रतिसादात्मक’ असं भाषांतर निरुपयोगी आहे; त्याचा अर्थ एवढाच की निविदा अटींत बसते. म्हणजे खरी लढाई दराआधी अटींवर होते, आणि नागरिकांची नजरही तिथेच हवी.

‘बिड’प्रमाणे ‘प्रपोजल’ही दोन गोष्टींना एकच नाव देतं. सल्लागार नेमताना मागवलेल्या प्रस्तावात दराबरोबर अनुभवालाही गुण मिळू शकतात, तर प्रशासन स्थायी समितीपुढे ठेवतं तोही प्रस्तावच. पहिल्याला ‘देकार’ म्हटलं तर घोटाळा मिटतो. शासकीय मराठीत हा शब्द रुळलेला आहे. निविदेसोबतच्या पैशांचे शब्दही असेच वेगळे ओळखायला हवेत. बयाणा तर डोंबिवलीत फ्लॅट घेणाऱ्यालाही कळतो. निविदेतली बयाणा रक्कम काम न मिळालेल्याला परत मिळते. सुरक्षा अनामत मात्र काम मिळालेल्याकडूनच घेतात आणि काम नीट होईपर्यंत अडकवून ठेवतात.

यावर आक्षेप येतो की करार इंग्रजीत असतो, वाद झाला तर न्यायालय इंग्रजी शब्दच पाहणार, मग मराठीचा अट्टहास कशाला? ठेकेदारापुरतं ते खरं आहे, कारण त्याच्याकडे वकील असतो. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या करदात्याकडे नसतो, आणि पैसा त्याचा असतो. स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी बंधनकारक करणारा कायदा राज्याने २०२२ मध्ये केला, तो अशाच वाचकासाठी. करारातला शब्द इंग्रजी राहिला तरी निविदा सूचनेत त्याचा अर्थ सोप्या मराठीत सांगायला काहीच हरकत नाही.

उदाहरणार्थ, ‘२० टक्के बिलो’ म्हणजे काम अंदाजित खर्चापेक्षा पाचव्या हिश्श्याने स्वस्तात घेतलं. तो हिस्सा नेमका कुठून वाचवणार, हे विचारायला हवं. त्यासाठी निविदेत शोधायचा शब्द म्हणजे ‘दोषदायित्व कालावधी’: एवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो.