ओठात मिलिमीटर, पोटात फूट

रेव्हिट या डिझाइन सॉफ्टवेअरच्या पडद्यावर भिंत ३००० मिलिमीटर लांब दिसते. स्क्रिप्टने तीच लांबी विचारली की उत्तर येतं ९.८४२५. भिंत आखडलेली नाही! रेव्हिट लांबी कायम दशांश फुटांतच साठवतं, मग प्रोजेक्ट मुंबईचा असो की म्युनिकचा. उलट, मिलिमीटर समजून स्क्रिप्टमधून नुसतं ३००० आत ढकललंत, तर भिंत होईल ९१४ मीटरची.

मोजमापांची अशी एक मायबोली बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअरना असते. पडद्यावर दिसतं ते तिचं भाषांतर. स्क्रिप्टला मात्र थेट मायबोलीतच बोलावं लागतं. स्केचअपची मायबोली इंच. फ्यूजन आणि इन्व्हेंटरची सेंटिमीटर, म्हणून तिथे १० मिलिमीटरचं भोक पाडायला १० लिहिलं की ते दसपट मोठं होतं. इलस्ट्रेटर पॉइंटांत विचार करतो, एका इंचाला ७२. आपला ए-फोर कागद त्याच्या लेखी ५९५.२८ बाय ८४१.८९!

स्केचअपची रूबी भाषेतली सोय मला सगळ्यांत आवडते. ३ या आकड्यापुढे टिंब देऊन ‘एम’ लिहा, तीन मीटरचे ११८.११ इंच आपोआप होतात. महिनाभराने स्क्रिप्ट उघडली तरी वाचताच कळतं की हे मीटर आहेत. पण स्केचअपची नजर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंतच पोचते. त्याहून जवळचे दोन बिंदू त्याला एकच वाटतात. म्हणून बारीक नक्षी कधी कधी बुजते, आणि जाणकार ती मोठ्या मापात काढून शेवटी लहान करतात.

ऑटोकॅडचं तंत्र निराळं. त्याच्या ड्रॉइंगमध्ये रेषेची लांबी म्हणजे नुसता आकडा. तो इंच समजायचा की मिलिमीटर, हे ‘इन्सयुनिट्स’ नावाची खूण सांगते: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर. इंचात काढलेल्या खुर्चीवर चुकून ४ पडलं, तर मिलिमीटरच्या प्लॅनमध्ये १८ इंची बैठक १८ मिलिमीटरची होऊन बसते. भातुकलीलासुद्धा लहानच! त्यामुळे कुठल्याही स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत ही खूण वाचावी, असं मी आग्रहाने सांगेन.

इंचाचं चिन्ह आणखी एक गंमत करतं. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत मजकूर ज्या दुहेरी अवतरणचिन्हाने संपतो, तेच चिन्ह इंचाचं. ५ फूट ६ इंच चिन्हांनी जसेच्या तसे लिहिले की स्क्रिप्टला वाटतं, वाक्य संपलं. इंचाच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली की काम भागतं.

रूपांतराचा आकडा मात्र अगदी नेमका आहे. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असं ठरवलं. त्याआधी अमेरिकी इंच किंचित मोठा होता आणि ब्रिटिश किंचित लहान. तरी अमेरिकी जमीनमोजणीने आपला जुना फूट सोडला नाही, तो अधिकृतपणे निवृत्त झाला २०२२ च्या अखेरीस. दोन फुटांतला फरक दहा लाखांत दोन भाग. पण नकाशावर २० लाख फुटांचा सहनिर्देशक असेल, तर बिंदू चार फूट सरकतो. कुंपणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत जायला तेवढं पुरे.

आपल्याकडे तर दोन्ही पद्धती एकाच वस्तूत नांदतात. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा, जाडी १८ मिलिमीटर. त्यावर खूण करताना सुतार ‘दोन सूत’ म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. हे सूत ऑटोकॅडलाही शिकवता येतं. त्याच्या ऑटोलिस्प या स्क्रिप्टच्या भाषेतलं ‘सीव्हीयुनिट’ हे फंक्शन आपली एककं एका साध्या टेक्स्ट फाइलमधून वाचतं, आणि तिच्यात आपल्याला भर घालता येते. रोमन अक्षरांत ‘सूत’ लिहून खाली ०.१२५ इंच एवढी व्याख्या द्या. मग पाच सूत म्हणजे किती विचारलं, की ऑटोकॅड सांगतं १५.८७५ मिलिमीटर.