झाडाचं नाव माहीत असलं की...

'बोटॅनिकल गार्डन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? 'फुले तोडू नयेत' असा बोर्ड, सिमेंटचे बाक आणि शाळेच्या सहलीत खाल्लेली भेळ! पण अशा बागेत रविवारी सकाळी कुणीतरी एका झाडाखाली उभं राहून त्या झाडाविषयी बोलतं आणि आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे मान वर करून ऐकतात, हे किती जणांना माहीत आहे? या गप्पांचा उपयोग काय, असंही कुणी विचारेल. उपयोग आहे, आणि चांगला ठोस आहे. तोच या लेखात सांगायचा आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. साधी बाग शोभेसाठी आणि फिरण्यासाठी असते. वनस्पती उद्यानात झाडं अभ्यासासाठी लावलेली असतात. प्रत्येक झाडाला पाटी असते, पाटीवर नाव, कुळ आणि मूळ देश. मुळात ही कल्पना निघाली तीच शिकवण्यासाठी. इटलीत पादुआ विद्यापीठाने १५४५ साली औषधी वनस्पतींची बाग केली. वैद्यकीच्या पोरांनी एका पाल्याऐवजी दुसराच पाला रोग्याला देऊ नये, म्हणून त्यांना खरी झाडं दाखवून शिकवायचं, हा हेतू. ती बाग आजही त्याच जागी आहे. म्हणजे बागेतलं व्याख्यान हे काही नवीन फॅड नाही, बागेचा जन्मच त्यातून झाला!

आपल्या देशातलं जुनं नामांकित उद्यान म्हणजे हावड्याजवळच्या शिबपूरचं, १७८७ सालचं. तिथला तो प्रचंड वड सगळ्यांना पुस्तकातून माहीत आहे. त्याचं मूळ खोड १९२५ साली काढावं लागलं, तरी झाड पारंब्यांवर उभं आहे. गंमत म्हणजे शिबपूरच्या जुन्या इंजिनीअरिंग कॉलेजचा पत्ताच 'बोटॅनिक गार्डन, हावडा' असा आहे. तेव्हा इंजिनीअरचा आणि झाडांचा काय संबंध, हा प्रश्न निदान तिथल्या पोरांना तरी पडत नसेल!

आता महाराष्ट्रात येऊ. मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बहुतेक लोक तिथे प्राणी बघायला जातात, हल्ली पेंग्विनसाठी रांग लागते. पण १८६०च्या दशकात सुरू झालेली ही जागा मुळात वनस्पती उद्यान आहे. आफ्रिकेतली गोरखचिंच, म्यानमारची उर्वशी असे दुर्मिळ वृक्ष तिथे आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायचा मोठा आराखडा आला. त्यात जुन्या झाडांचं काय होणार, ही काळजी काही स्त्रियांना वाटली आणि त्यातून 'सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन' उभं राहिलं. त्यांनी निवेदनं दिली, पाठपुरावा केला. पण त्याचबरोबर लोकांना बागेत बोलावून झाडांची ओळख करून दिली. त्यालाच 'ट्री वॉक' म्हणतात, आपण 'वृक्षफेरी' म्हणू. मूळ आराखडा होता तसा पुढे गेला नाही. माझ्या मते यातली खरी गोष्ट अशी की, 'झाडं वाचवा' असं मोघम ओरडण्यापेक्षा 'हे अमुक झाड आहे, ते इथे उभं आहे, आणि ते असं असं आहे' असं सांगता येणं जास्त वजनदार असतं.

वृक्षफेरीत नेमकं काय होतं? वीस-पंचवीस माणसं, एक जाणकार आणि दहा-पंधरा झाडं. एवढंच. प्रत्येक झाडापाशी पाच-सात मिनिटं थांबायचं. समजा, गुलमोहर आला. जाणकार खाली पडलेलं फूल उचलून हातात देतो आणि पाकळ्या मोजायला सांगतो. पाच पाकळ्या असतात, त्यातली एक वेगळीच, पांढरट आणि ठिपक्यांची. मग कळतं, की आपल्या इतक्या ओळखीचं हे झाड मूळचं मादागास्करचं आहे! पुढे उंबर येतो. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, कारण उंबराला फूल दिसतच नाही. जाणकार एक उंबर फोडून दाखवतो. आत शेकडो बारीक फुलं! ज्याला आपण फळ म्हणतो, ते या फुलांचं बंद घर असतं आणि एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागीकरण करते. ती माशी नाही तर उंबराचं बी नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की उंबराखालून जाताना मान आपोआप वर होते.

वृक्षफेरीशिवायही पुष्कळ काही चालतं. राणीच्या बागेत महापालिका दरवर्षी झाडं-फुलांचं प्रदर्शन भरवते, त्याला जोडून बागकामाची कार्यशाळा घेते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन तर प्रसिद्धच आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती जपल्या आहेत. या वनस्पतीला जमिनीत कंद असतो आणि गुराखी तो उकरून खातात. आता नुसता बागेत कंद लावून जात वाचेल का? डोंगरावरच्या माणसाला ती वनस्पती दुर्मिळ आहे, हे कुणीतरी प्रेमाने सांगितलंच पाहिजे. म्हणून संशोधनाइतकंच बोलणंही महत्त्वाचं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-कोल्हापूरचं, आपल्याला काय त्याचं? मी पाचोडचा. आमचं गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, पैठण तालुक्यात. रस्ता चौपदरी झाला, गाड्या सुसाट झाल्या, सोय झाली, ते नाकारत नाही. पण कडेची जुनी झाडं गेली. किती गेली, कोणकोणती गेली, असं आज गावात विचारा. 'लई मोठमोठी होती बघा,' यापलीकडे उत्तर मिळत नाही. ज्याचं नाव आणि मोजणी नाही, त्याचा हिशोब कोण मागणार? राज्यात १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. पण तो कायदा नागरी भागापुरता. खेड्यातल्या झाडाला कागदाच्या आधी माणसाचीच ओळख हवी.

दुसरी गोष्ट मोसंबीची. पाचोडची मोसंबी आणि तिचा बाजार सगळ्यांना ठाऊक. पण मोसंबीचं एक झाड म्हणजे खरं तर दोन झाडं, हे हॉस्टेलमध्ये कितीजणांना माहीत आहे? वर मोसंबी, खाली खुंट जंभेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा. त्यावर मोसंबीचा डोळा बांधतात. फळ मोसंबीचं, मुळं लिंबाची! रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण जास्त सोसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडे टँकरने पाणी घालून बागा जगवल्या, कित्येकांनी शेवटी कुऱ्हाड लावली. असा दुष्काळ येतो, तेव्हा आपल्या बागेचा खुंट कोणता, हा प्रश्न घरच्या खर्चाचा होतो. आणि अशा गोष्टी बागेत झाडासमोर उभं राहून जितक्या समजतात, तितक्या माहितीपत्रक वाचून समजत नाहीत.

आपल्या संभाजीनगरात यासाठी जागा नाहीत असं थोडंच आहे? मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. हिमायतबागेत कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. व्ही. एन. नाईक सरांनी मराठवाड्यातल्या वनस्पतींवर लिहिलेला दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९९८ सालीच निघालेला आहे. माहिती आहे, झाडं आहेत, सांगणारी माणसंही आहेत. ऐकणारे तेवढे कमी आहेत!

म्हणून एक सुचवतो. हॉस्टेल ते मेस या रस्त्यावरची झाडं आधी मोजू. सिव्हिलवाल्यांनी टेप आणावा, छातीच्या उंचीवर घेर मोजावा आणि नकाशावर खूण करावी. कॉम्प्युटरवाल्यांनी यादी करावी. माळीकाकांना सोबत घ्यावं, कारण कुठल्या झाडाला कधी बहर येतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मग विद्यापीठातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना बोलावून महिन्यातून एक रविवार फेरी काढू. सुरुवातीला पाच जण आले तरी चालतील. रेक्टर सरांनी परवानगी आणि मेसवाल्यांनी चहा दिला, की झालं!

उद्या आपल्यातलेच कुणी रस्त्याचे, पुलाचे, इमारतीचे नकाशे काढणार आहेत. त्या नकाशावर झाड म्हणजे नुसता हिरवा ठिपका असतो. त्या ठिपक्याचं नाव ज्याला माहीत आहे, तो रेघ ओढण्याआधी निदान एकदा तरी थांबेल. बघा, पटतंय का! पटलं तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता मेससमोर भेटू.