सुकाणूतील खडखड आणि हाताला बसणारा धक्का

भिलाईतील कोहका ही मूळची खेड्याची वस्ती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि त्यानंतर कारखान्याभोवती वाढत गेलेल्या शहराने आसपासच्या खेड्यांप्रमाणे कोहक्यालाही आपल्या पोटात घेतले. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे एकाच प्रांतातील जिल्हे असल्यामुळे या भागात मराठी कानांवर पडते याचे कोणास नवल वाटत नाही. या वस्तीतील रस्त्यावरून मोटार हाकताना प्रस्तुत लेखकास काही महिन्यांपूर्वी एक आवाज ऐकू येऊ लागला. गतिरोधक ओलांडला की पायांजवळ ‘खट्‌’ असा आवाज होई आणि त्याच क्षणी हातातील सुकाणूचक्र किंचित हिसडे. आवाज बारीक होता. परंतु एकदा कानांत बसल्यावर दुसरे काही ऐकू येईना.

गतिरोधकांविषयी येथेच दोन शब्द सांगून टाकणे बरे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ साली त्यांचे माप घालून दिले आहे. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा वेग ताशी २५ किलोमीटर. असा उंचवटा चाकाला हळूहळू उचलतो व हळूहळू उतरवतो. गल्लीतील रहिवाशांनी हौसेने घातलेला वीतभर रुंदीचा उंचवटा मात्र चाकाला उचलत नाही, ठोकरतो. त्या ठोकरीचे पुढे काय होते, हाच आपला विषय आहे.

मोटारीची पुढची दोन चाके एकाच आसावर फिरत नाहीत. प्रत्येक चाक आपापल्या उभ्या अक्षाभोवती वळते. बैलगाडीसारखा अख्खा आस न वळवता दोन चाके वेगवेगळी वळवावीत, ही कल्पना म्यूनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडीकाराची. १८१८ साली लंडनमध्ये तिचे एकस्व ॲकरमन यांनी घेतले, आणि जगाने तिला ॲकरमन यांचेच नाव दिले. या रचनेत चाकाचा उभा अक्ष खाली वाढवला तर जमिनीला ज्या बिंदूत भेटेल तो बिंदू आणि टायर जमिनीवर टेकतो त्या जागेचा मध्य हे सहसा एकमेकांवर येत नाहीत. त्यांच्यातील अंतर हीच धक्क्याची तरफ होय.

उदाहरणार्थ, हे अंतर ५ सेंटिमीटर आहे आणि खड्ड्याच्या काठाने चाकाला मागे ४,००० न्यूटनचा तडाखा दिला असे समजू. मग उभ्या अक्षाभोवती २०० न्यूटन-मीटरचे परिबल निर्माण होईल. सुकाणूचक्र सोळा अंश फिरले म्हणजे चाक एक अंश वळते असे धरले, तर हातापाशी त्यातील साडेबारा न्यूटन-मीटर पोहोचेल. आणि चक्राची त्रिज्या २० सेंटिमीटर असेल तर बोटांवर सुमारे सहा किलोग्रॅम वजनाइतका जोर अचानक येईल. मार्गातील घर्षण आपण हिशेबात घेतले नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो. अंतर दुप्पट झाले की जोरही दुप्पट. उभा अक्ष आतल्या बाजूस कलता ठेवून हे अंतर कमी करणे, हा धक्का कमी करण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. तो कागदावर आराखडा काढतानाच योजावा लागतो, मागाहून नाही.

जुन्या जीपगाड्या आणि ट्रॅक्टर चालवलेल्या लोकांना या धक्क्याचा परिचय विशेष आहे. ओबडधोबड जमिनीवर सुकाणूचक्राच्या आऱ्यांत अंगठा अडकवून धरू नये, तो कडेवर ठेवावा, असा धडा त्या काळचे चालक नवशिक्याला प्रथम देत. दगडावर चाक आपटले की चक्र गर्रकन फिरे आणि आरा अंगठ्यावर बसे. त्याने हाड मोडण्याचीही भीती असे.

यावर कोणी म्हणेल की हाताकडून चाकाकडे गती जावी पण चाकाकडून हाताकडे धक्का येऊ नये, अशीच यंत्रणा का करू नये? ती करता येते. मळसूत्राचे आटे पुरेसे सपाट ठेवले तर मळसूत्र दंतचक्राला फिरवते, परंतु दंतचक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. प्रारंभीच्या काही मोटारींत जवळजवळ असेच सुकाणू होते. हाताला धक्का लागत नसे हे खरे. पण वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होत नसत आणि रस्ता निसरडा झाला की कोरडा आहे हे हाताला कळतच नसे. धक्का आणि ही जाण एकाच वाटेने येतात. वाट बंद केली तर दोन्ही बंद होतात. सुकाणूच्या अभियंत्याचे सगळे कसब रस्त्याची खबर येऊ देऊन तडाखा तेवढा अडवण्यात आहे.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत दंतपट्टी आणि छोटे दंतचक्र यांची जोडी असते. आपल्याकडे ती नवी नाही. १९५० च्या दशकापासून २०१४ पर्यंत निघत राहिलेल्या अँबॅसडरमध्येही ती होती. कारागिरांच्या भाषेत ही ‘रॅक’ आणि ‘पिनियन’. दंतपट्टी आडवी असते, तिची दोन्ही टोके दांड्यांनी चाकांना जोडलेली असतात. चाकाला तडाखा बसला की दांडी दंतपट्टीला ढकलते. परंतु दात तिरपे असल्यामुळे दंतपट्टी केवळ आडवी ढकलली जात नाही, दंतचक्रापासून दूरही लोटली जाते. दाताचा दाबकोन नेहमीप्रमाणे २० अंश धरला तर हे दूर लोटणारे बल मूळ बलाच्या तृतीयांशाहून थोडे अधिक भरते. दोन हजार न्यूटनच्या धक्क्याने दंतपट्टी सातशेहून अधिक न्यूटनांनी मागे रेटली जाते. तिला आवरण्यासाठी पाठीमागून एक आधारखुंटी बसवलेली असते. खुंटीमागे स्प्रिंग, आणि स्प्रिंगमागे आटे पाडलेले झाकण.

आता त्या ‘खट्‌’चा उलगडा होतो. खुंटी आणि झाकण यांमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नसती तर उन्हाळ्यात सारे भाग प्रसरण पावून दंतपट्टी जखडली असती. धक्का स्प्रिंगच्या जोराहून मोठा झाला की दंतपट्टी खुंटीला मागे ढकलते, खुंटी फट ओलांडून झाकणावर आदळते, आणि पोलादावर हातोडीचा बारीक घाव पडावा तसा आवाज होतो. लगेच स्प्रिंग तिला परत फेकते आणि दातांवर दात आदळतात. एका खड्ड्यात हे अनेकदा घडते. म्हणून आवाज एक न राहता त्याची खडखड होते. पेटीतून तो मोटारीच्या सांगाड्यात आणि सुकाणूच्या दांड्यातून थेट चालकाच्या कानापर्यंत येतो.

मग फट अगदी मिटवून टाकावी, असे सहज मनात येते. लेखकाच्या मोटारीबाबत एका कार्यशाळेत नेमके हेच करण्यात आले. झाकण पुरते आवळले गेले आणि आवाज थांबला. आम्ही समाधानाने घरी निघालो. पहिल्याच वळणावर लक्षात आले की वळण संपले तरी सुकाणूचक्र सरळ होत नाही. हाताने ओढून आणावे लागते. खुंटी दंतपट्टीवर इतकी घट्ट बसली होती की चाकांची सरळ होण्याची स्वाभाविक ओढ घर्षणातच जिरून जात होती. आवाज गेला, पण मोटार चालकाचे ऐकेनाशी झाली.

झाकण बसवण्याची खरी रीत अशी, की ते प्रथम नेमलेल्या जोराने आवळायचे आणि मग ठरलेल्या अंशांनी उलटे फिरवायचे. आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल तर वीस अंश मागे फिरवल्याने ०.०८ मिलिमीटर फट राहते. ती साधारणतः केसाच्या जाडीइतकी असते. मराठीत या सैलपणाला काय म्हणावे याचा अनुवादक या नात्याने आम्ही बराच विचार केला. ‘मोकळीक’ हा शब्द चांगला आहे. परंतु गॅरेजमध्ये ‘स्टेअरिंगला प्ले आहे’ असेच म्हणतात, आणि तेवढ्यात सर्वांना सर्व कळते.

फट ठेवूनही आवाज कमी करण्याचे उपाय पुष्कळ आहेत. खुंटीच्या दंतपट्टीला टेकणाऱ्या भागावर प्लास्टिकचे अस्तर लावतात. तिच्या कडेला खोबण पाडून रबराची कडी बसवतात. खुंटी मागे जाताना ही कडी दबते आणि शेवटचा आदळ मऊ होतो. काही रचनांत झाकणाच्या आत उताराचे कडे आणि पिळाची स्प्रिंग असते. वर्षानुवर्षांच्या झिजेने फट वाढू लागली की कडे तितकेच फिरते आणि फट पुन्हा पूर्वीइतकी होते. याशिवाय सुकाणूचा दांडा आणि दंतपेटी यांच्या जोडावर रबर व कापडाची चकती घालण्याची जुनी पद्धत आहे. रबर स्थितिस्थापक असल्याने तीक्ष्ण धक्का तेथे बोथट होतो. मात्र चकती फार मऊ घेतली तर हात फिरवल्यावर चाक क्षणभर उशिरा वळते.

जीप, मालमोटारी यांसारख्या वाहनांत सुकाणूच्या दांडीला तेलाने भरलेली एक नळीही जोडतात. तिच्यात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. नदीच्या पाण्यात हात हळू फिरवला तर पाणी वाट देते, सपकन मारला तर अडवते. नळीतील तेल तसेच वागते. चालक सावकाश वळवतो तेव्हा विरोध जाणवत नाही, पण दगडाचा धक्का अति वेगाने येतो म्हणून त्याला जबर विरोध होतो. वेगावरून धक्का ओळखणारी ही युक्ती आम्हांस सर्व उपायांत अधिक आवडते. द्रवशक्तीच्या साह्याने चालणाऱ्या सुकाणूत हे काम काही अंशी तेलच करते. फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली अमेरिकेत असे सुकाणू चालवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आणले. त्याला पंपाची घरघर हा आपला निराळा आवाज होताच. अशा सुकाणूपेट्या पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथेही तयार झाल्या आहेत.

१९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या एका छोट्या मोटारीत विजेच्या मोटरने साह्य देणारे सुकाणू आले. आता तेच सर्वत्र दिसते. मोटरची गती कमी करण्यासाठी त्यात मळसूत्र आणि दंतचक्र यांची जोडी असते, म्हणजे खडखडीला आणखी एक जागा मिळाली. आवाज कमी व्हावा म्हणून दंतचक्राचे दात नायलॉनचे करतात. पण नायलॉन दमट हवेतील पाणी शोषून फुगते आणि उष्णतेनेही वाढते. छत्तीसगढात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या अखेरीपासून हवा ओलीचिंब असते. दात फुगले तर जोडी जखडेल, आक्रसले तर खडखडेल. म्हणून मळसूत्राचे एक टोक पक्के न बसवता स्प्रिंगवर ठेवतात. स्प्रिंग त्याला दंतचक्राकडे सतत लोटत राहते, आणि दात फुगले की मळसूत्र थोडे मागे सरकते. स्प्रिंगचा जोर किती असावा हा प्रश्न येथेही सुटत नाही. जास्त असेल तर सुकाणू जड होते, कमी असेल तर खडबडीत रस्त्यावर बोलू लागते.

हाताला नेमके काय जाणवते याचाही अभ्यास झाला आहे. हातातून जाणाऱ्या कंपनांपैकी सेकंदाला ८ ते १६ वेळा होणारी कंपने त्रासदायक ठरण्यात पुढे असतात. आता ताशी १०० किलोमीटर वेगाचा विचार करा. चाकाचा परीघ १.९ मीटर असेल तर ते सेकंदाला सुमारे पंधरा फेरे घेते. त्याचे वजन एका बाजूला थोडे अधिक असले की हाताला सर्वाधिक झोंबणाऱ्या नेमक्या त्याच पट्ट्यात सुकाणू थरथरू लागते. उलट चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत उभे असेल तेव्हा सेकंदाला सुमारे सत्तावीस धक्के देते. म्हणून सुकाणूच्या दांड्याची स्वाभाविक कंप्रता याहून बरीच वर ठेवण्याची काळजी घेतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत आवाज आणि कंपन यांची मोजणी हा स्वतंत्र विभागच आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे त्याचे महत्त्व वाढले आहे. इंजिनाची घरघर ज्या बारीक आवाजांना झाकत असे, ते आता उघडे पडले आहेत.

आमची मोटार शेवटी कोहक्यातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेली. त्यांनी झाकणाला हात लावण्यापूर्वी गाडी उभी ठेवून लेखकाला सुकाणूचक्र दोन बोटे डावीकडे, दोन बोटे उजवीकडे असे हलवत राहण्यास सांगितले, आणि स्वतः खाली सरकून एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. ‘साहेब, आवाज पेटीत नव्हता,’ ते बाहेर येऊन म्हणाले. ‘उजव्या दांडीच्या टोकाचा गोळा झिजला आहे. झाकण आवळले म्हणून दंतपट्टी हलेनाशी झाली आणि गोळ्याला आपटायला जागा उरली नाही. असेच चालवले असते तर एक दिवस गोळा वाटीतून निसटला असता.’ गोळा निसटला म्हणजे ते चाक सुकाणूपासून सुटते, आणि मग चालकाच्या हातात नुसते चक्र उरते.

त्यांनी उजव्या दांडीचे टोक बदलले, झाकण सैल करून नव्याने आवळले आणि मोजून मागे फिरवले. जुनवानीच्या रस्त्यावर आम्ही वळण घेऊन हात सैल सोडले. चक्र आपोआप सरळ झाले. परत येताना गल्लीतला तो वीतभर गतिरोधक लागला. हाताला हलकीशी थाप जाणवली, पायांजवळ मात्र काही वाजले नाही. झिजलेले टोक मिस्त्रींनी आम्हांला दिले. ते चिमटीत धरून हलवले, तर वाटीतला गोळा अजूनही ‘खट्‌’ करतो.