ठिणगी किती आधी?

माझ्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या मोटारीचे टायमिंग लावून आणले आणि ती पहिल्याच चढावर दमली. टायमिंग लावताना एक रबरी नळी काढायची राहून गेली होती. एवढ्याशा नळीने काय बिघडते?

पेट्रोल-हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो. म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडतात. मिनिटाला १००० फेरे असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो; ३००० फेऱ्यांना १८ अंश. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली, फिरताना बाहेर सरकणारी वजने करतात.

पण वेग तोच असून भार कमी असेल तर? थ्रॉटल थोडाच उघडा असल्याने सिलिंडरमधले मिश्रण विरळ असते आणि सावकाश जळते. त्याच वेळी मॅनिफोल्डमधला दाबही कमी असतो. तो नळीवाटे एक पडदा ओढतो, पडदा डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट फिरवतो आणि ठिणगी आणखी आधी पडते. चढावर थ्रॉटल उघडला की दाब वाढतो आणि स्प्रिंग प्लेट मागे नेते.

माझ्या मोटारीची नळी थेट मॅनिफोल्डला जोडलेली होती. त्यामुळे पडद्याने दिलेले अंश मूळ मापातच धरले गेले. चढावर ते नाहीसे झाले, ठिणगी उशिरा पडली आणि जोर गेला. नळी काढून, तिचे तोंड बंद करून टायमिंग पुन्हा लावले, मोटार सुधारली.

विद्यार्थ्यांना हे दाखवता येईल. इंजिन बंद ठेवून डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढा आणि पडद्याकडच्या नळीतून सिरिंजने हवा ओढा. प्लेट सरकली पाहिजे. सरकली नाही, तर पडदा फाटला असण्याची शक्यता आहे.