मांडवखर्च कोणाचा?

खेळाचा धंदा : लेखांक ६

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकला काही दिवस उरलेले असताना तिथल्या खानावळवाल्यांना एक फर्मान मिळालं. स्पर्धेच्या आवारात चिप्स विकायचे नाहीत. चिप्स म्हणजे आपल्याकडे ज्यांना फ्रेंच फ्राइज म्हणतात ते. ते फक्त मॅकडॉनल्ड्स विकेल, कारण त्या कंपनीनं ऑलिम्पिकचं प्रायोजकत्व घेतलं होतं. यात एकच सवलत होती: चिप्ससोबत तळलेला मासा असेल तर चालेल. फिश अँड चिप्स हे इंग्रजांचं राष्ट्रीय खाणं, त्याला हात लावायची हिंमत कोणाची झाली नसावी. नुसते चिप्स मात्र बंद. उद्घाटन सोहळ्याची तयारी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर त्यांच्यापुरता नियम सैल करण्यात आला.

या प्रसंगावर ब्रिटिश वर्तमानपत्रं पोटभर हसली. पण धंदा समजून घ्यायचा असेल तर त्यातला हिशेब पाहायला हवा. जमीन लंडनची, स्टेडियमसाठी पैसा बहुतांशी सार्वजनिक आणि तिथं बटाटा कोणी तळायचा हे ठरवणार लोझानमधली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती. गेल्या लेखांकात आपण प्रक्षेपणहक्कांचा बाजार पाहिला. आज त्याची दुसरी बाजू, यजमानपदाची.

साध्या भाषेत सांगायचं तर हे असं लग्न आहे, की ज्यात मांडव, जेवणावळ आणि वऱ्हाडाची उतरण्याची सोय तुमच्याकडे आणि आहेर मात्र परस्पर पाहुण्यांच्या घरी. थोडा आहेर तुमच्याही हाती ठेवतात, नाही असं नाही. तिकिटांचा पैसा आणि देशांतर्गत प्रायोजक संयोजन समितीकडे राहतात. शिवाय ऑलिम्पिक समिती प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा देते. पण प्रक्षेपणहक्कांची मूळ मालकी आणि १९८५पासून सुरू झालेल्या ‘टॉप’ योजनेतले जागतिक प्रायोजक हे सगळं समितीच्या हातात असतं. तोटा आला तर तो भरून देण्याची हमी मात्र शहर किंवा सरकार देतं. ही हमी नसेल तर बोलीचा विचारच होत नाही.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, नाहीतर दर ऑलिम्पिकनंतर छापून येणाऱ्या ‘फायदा झाला’ आणि ‘दिवाळं निघालं’ या दोन्ही बातम्या खऱ्या कशा असू शकतात हे कळत नाही. वह्या दोन असतात. पहिली वही संयोजन समितीची. तीत स्पर्धा चालवण्याचा खर्च आणि त्यातून आलेलं उत्पन्न. दुसरी सरकारी तिजोरीची. तीत स्टेडियम, रस्ते, मेट्रो, पोलिस बंदोबस्त. २०२४च्या पॅरिसच्या समितीची वही काही कोटी युरो शिलकीत बंद झाली. त्याच स्पर्धांसाठी सार्वजनिक तिजोरीतून ६ अब्ज युरोंहून अधिक पैसा गेल्याचं फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयानं सांगितलं. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. पुढाऱ्यांना पहिली वही दाखवायला आवडते, एवढंच.

दुसऱ्या वहीची सर्वांत बदनाम कथा माँट्रियलची. ऑलिम्पिकमध्ये तोटा येणं हे पुरुषाला मूल होण्याइतकं अशक्य आहे, असं तिथले महापौर ज्याँ द्रापो स्पर्धांच्या आधी छातीठोकपणे सांगत. १९७६च्या स्पर्धा उरकल्या तेव्हा मुख्य स्टेडियमचा कलता मनोराही पुरा झालेला नव्हता. तो ऐंशीच्या दशकात झाला. कर्ज फिटलं २००६ साली. तीस वर्षं ते फेडताना तंबाखूवरचा कर कामी आला. म्हणजे ऑलिम्पिकच्या आरोग्यदायी सोहळ्याचं देणं क्वेबेकमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांनी फेडलं! ‘बिग ओ’ हे त्या गोल स्टेडियमचं लाडकं नाव होतं, त्याचं लोकांनी ‘बिग ओव’ म्हणजे ‘मोठी उधारी’ करून टाकलं.

त्याच सुमारास डेन्व्हरनं एक अघटित केलं होतं. १९७६च्या हिवाळी स्पर्धा त्या शहराला मिळालेल्या होत्या. १९७२ साली कोलोराडोच्या मतदारांनी त्यासाठी पैसा द्यायलाच नकार दिला आणि स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला न्याव्या लागल्या. मिळालेलं यजमानपद मतपेटीतून परत करणारं दुसरं शहर अजून झालेलं नाही.

म्युनिकच्या १९७२च्या ऑलिम्पिकमधलं हत्याकांड आणि पाठोपाठ माँट्रियलचं कर्ज, यानंतर १९८४च्या स्पर्धा घ्यायला कोण पुढे येणार? तेहराननं थोडी उत्सुकता दाखवून माघार घेतली. उरलं एकटं लॉस एंजेलिस. या धंद्याच्या इतिहासातलं खरं वळण इथं आहे. एकच गिऱ्हाईक असेल तर भाव गिऱ्हाईक ठरवतं. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी शहराच्या सनदेतच दुरुस्ती करून ऑलिम्पिकवर पालिकेचा पैसा खर्च करायला मनाई केली. तोट्याची हमी शहर देणार नाही, असं ऑलिम्पिक समितीला बजावण्यात आलं. समितीला ते गिळावं लागलं.

मग पीटर युबेरॉथ नावाचा प्रवासी व्यवसायातला माणूस सूत्रधार झाला आणि त्यानं खासगी पैशावर खेळ उभा केला. मुख्य स्टेडियम १९३२च्याच ऑलिम्पिकचं. खेळाडूंची राहण्याची सोय विद्यापीठांच्या वसतिगृहांत. एबीसी वाहिनीकडून अमेरिकेतल्या प्रक्षेपणाचे २२.५ कोटी डॉलर. प्रायोजक मुद्दाम मोजके ठेवले, एका धंद्यातला एकच, आणि त्याची किंमत कसून वसूल केली. कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी कोडॅक घासाघीस करत बसली तेवढ्यात जपानी फुजीनं घास नेला. मशालीच्या दौडीतला एकेक किलोमीटर तीन हजार डॉलर देणगी घेऊन देण्यात आला. पैसा समाजकार्याला गेला, पण ग्रीक लोक भयंकर चिडले. शेवटी शिल्लक राहिली २० कोटी डॉलरच्या वर. तिच्यातून स्थापन झालेली संस्था आजही तिथल्या मुलांच्या खेळांना मदत करते.

गंमत अशी, की या यशातून जगानं नेमका उलटा धडा घेतला. लॉस एंजेलिसला फायदा झाला तो फारसं काही बांधावं लागलं नाही आणि हमी द्यावी लागली नाही म्हणून. इतर शहरांच्या डोक्यात मात्र शिरलं ते एवढंच, की ऑलिम्पिकमध्ये पैसा आहे. रांग लागली. २००४च्या स्पर्धांसाठी अकरा शहरं धावत होती. रांग लांबली की दारावरच्या माणसाचा रुबाब वाढतो. सॉल्ट लेक सिटीनं २००२च्या हिवाळी स्पर्धा मिळवण्यासाठी समिती सदस्यांवर केलेली खैरात उघडकीला आली तेव्हा १९९९मध्ये अनेक सदस्यांना पायउतार व्हावं लागलं. यजमानांची बांधकामं दरम्यान फुगतच गेली. रशियातल्या सोचीच्या २०१४ सालच्या हिवाळी स्पर्धांचा खर्च ५० अब्ज डॉलरवर गेल्याचं सांगितलं जातं. त्यात रस्ते-रेल्वे धरलेले आहेत हे खरं. पण ते रस्ते स्पर्धा नसत्या तर त्या घाईनं आणि त्या भावात कोणी बांधले असते का?

सोचीच्या सुमारास युरोपानं पाठ फिरवली. २०२२च्या हिवाळी स्पर्धांसाठी क्राकूव्ह सार्वमतात पडलं. स्टॉकहोमनं आणि लव्हीवनं माघार घेतली. ऑस्लोचा किस्सा तर मजेदार. समितीच्या सदस्यांची बडदास्त कशी ठेवावी याची यादी नॉर्वेच्या वर्तमानपत्रात छापून आली: राजेसाहेबांसोबत भेटीचा आणि पेयपानाचा कार्यक्रम, त्याचा खर्च राजवाड्यानं किंवा संयोजकांनी करायचा, रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका, वगैरे. या केवळ सूचना आहेत, असा खुलासा समितीनं केला. पण राजाही जिथं साधेपणानं राहतो त्या देशात व्हायचा तो परिणाम झाला आणि सरकारनं हमी नाकारली. अखेर उरले बीजिंग आणि कझाकस्तानचं अल्माटी. बीजिंग ४४ विरुद्ध ४० मतांनी जिंकलं. दोन्हीकडे सार्वमताचा प्रश्नच नव्हता.

२०२४च्या वेळी तेच. बोस्टननं अंग काढून घेतलं, हॅम्बुर्गच्या नागरिकांनी सार्वमतात नाही म्हटलं, रोमच्या नव्या महापौरांनी नकार दिला, बुडापेस्टमध्ये सह्यांच्या मोहिमेनंतर बोली मागे घेण्यात आली. पॅरिस आणि लॉस एंजेलिस दोनच राहिले. आता यातलं एक नाराज झालं तर चार वर्षांनी कोण येईल, या धास्तीनं समितीनं २०१७ साली लिमा इथं दोन्हींना एकदमच वाटून टाकलं: एकाला २०२४, दुसऱ्याला २०२८.

यानंतर समितीनं पद्धतच बदलली, आणि माझ्या मते हा बदल बांधकामाच्या नव्या नियमांपेक्षाही मोठा आहे. जाहीर स्पर्धा बंद. आता इच्छुकांशी आतल्या आत बोलणी होतात, त्यातून एक पसंतीचा उमेदवार ठरतो आणि मतदानाला एकच नाव येतं. ब्रिस्बेनला २०३२च्या स्पर्धा अशाच ७२ विरुद्ध ५ मतांनी मिळाल्या. समितीचं म्हणणं, यामुळे हरणाऱ्या शहरांचा पैसा वाचतो. तो वाचतो, यात शंका नाही. पण पूर्वी पाच शहरं एकमेकांशी झगडताना जी कागदपत्रं उघड्यावर येत, जे आकडे लोकांच्या चर्चेत येत, तेही यात बंद होतात. शक्य तिथं जुनीच मैदानं वापरा असा नवा मंत्र असताना ब्रिस्बेनमध्ये २०२५ साली ६३ हजार आसनांच्या नव्या स्टेडियमची घोषणा झाली, आणि तीही एका जुन्या उद्यानात.

फुटबॉलच्या फिफानं याहून सरळ मार्ग धरला. २०२६च्या विश्वचषकासाठी अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून १६ शहरं, ४८ संघ, १०४ सामने. यजमान देशाची संयोजन समिती हा प्रकारच रद्द. फिफा स्वतःच चालक. प्रक्षेपण, प्रायोजक, तिकिटं, सगळं फिफाचं. तिकिटांचे भाव मागणीनुसार चढते-उतरते, आणि एकानं दुसऱ्याला फिफाच्या बाजारात तिकीट विकलं तर विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के. शहरांकडे बंदोबस्त, वाहतूक आणि चाहत्यांचे मेळे. शिकागोनं २०१८मध्येच यातून अंग काढून घेतलं: कराराच्या अटी हव्या तेव्हा बदलण्याचा अधिकार फिफाकडे आणि जोखीम करदात्यांवर, हे आम्हाला परवडत नाही, असं शहराचं म्हणणं होतं. २०२३ ते २०२६ या चार वर्षांसाठी फिफानं धरलेला उत्पन्नाचा अंदाज ११ अब्ज डॉलर होता, तो पुढे १३ अब्जांवर नेला. २०३४चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला तेव्हा समोर दुसरी बोलीच नव्हती. प्रत्यक्ष मतमोजणीही झाली नाही, टाळ्या वाजवून निकाल लागला.

तिकिटं कोणाची हा वाद मुंबईकरांना नवा नाही. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. आसनांच्या वाटणीवरून दोघांचं इतकं फिसकटलं, की असोसिएशनचे शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरं स्टेडियम उभं केलं, आणि जानेवारी १९७५मध्ये तिथं वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीही झाली. म्हणजे सामन्याचा मालक इतका जोरदार निघाला, की मैदानाच्या मालकाला रिकामं मैदान राखत बसावं लागलं.

आता आपला देश याच बाजारात गिऱ्हाईक म्हणून उतरला आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं. तिथं पंतप्रधानांनी २०३६च्या यजमानपदाची इच्छा जाहीर केली आणि दोनच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या २०२८च्या स्पर्धांत क्रिकेटचा समावेश झाला. १९००च्या पॅरिसनंतर प्रथमच. क्रिकेट आलं ते भारतातल्या प्रक्षेपणहक्कांच्या किमतीकडे बघून, हे कोणी लपवलेलंही नाही. विक्रेता आणि ग्राहक दोघांचीही गरज एकाच दालनात दिसत होती.

त्याआधी २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. त्यांची अवस्था ऑलिम्पिकहून बिकट. २०२२च्या स्पर्धा डर्बनकडून काढून बर्मिंगहॅमला द्याव्या लागल्या. २०२६च्या स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं घेतल्या आणि खर्च २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ६ अब्जांच्या पुढे जातोय म्हणत जुलै २०२३मध्ये परत केल्या. ग्लासगोनं त्या उचलल्या, पण दहाच खेळांपुरत्या, आहे त्या मैदानांवर. कॅनडातल्या अल्बर्टानं २०३०चा नाद सोडला. अशा वेळी नोव्हेंबर २०२५मध्ये अहमदाबादच्या नावावर शिक्कामोर्तब झालं. १९७८ साली, १९८४च्या स्पर्धा घेताना, लॉस एंजेलिसच्या हाती जो हुकमाचा एक्का होता तोच आपल्या हाती होता. घेणारे कमी, देणारा अडलेला. तो एक्का टाकला गेला का, म्हणजे हमीची मर्यादा किती, तोट्याचा वाटा कोणाचा, खेळ किती ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हे करारात पाहायला मिळेल. २०१०च्या दिल्लीतल्या स्पर्धांचा सरकारी खर्च कॅगच्या अहवालात साडेअठरा हजार कोटींवर गेलेला दिसतो. बोली लावतानाचा अंदाज त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता.

स्टेडियम बांधून नंतर वापरात ठेवणं आपल्याला जमत नाही असंही नाही. पुण्याचं बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २००८च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धांना पुन्हा कामी आलं. 

२०३६साठी कतार, इंडोनेशिया, तुर्कस्तान अशी नावं घेतली जातात. २०२५च्या जूनमध्ये ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षपदी आलेल्या कर्स्टी कोव्हेंट्री यांनी यजमान निवडण्याची प्रक्रियाच काही काळ थांबवून तिचा फेरविचार सुरू केला. समितीच्या सदस्यांनाच या निवडीत आपलं काही चालत नाही अशी तक्रार होती! शहरातल्या करदात्याला विचारावं, अशी मागणी त्या चर्चेत अजून कोणी केलेली ऐकिवात नाही.

(पुढच्या लेखांकात : खेळाडूंच्या संघटना आणि वेळापत्रकाचं भांडण)